अमेरिकेतल्या बायकांना मत नेमकं कधी मिळालं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘अमेरिकेत स्त्रियांना मताधिकार कोणत्या साली मिळाला?’ असा एका गुणाचा प्रश्न परीक्षेत आला तर डोळे मिटून १९२० लिहा, गुण पदरात पडेल. पण कुणी पुढे ‘कोणत्या स्त्रियांना?’ एवढंच विचारलं की उत्तर डळमळायला लागतं. मार्च महिन्यात आमच्या वाचनालयात मी या विषयावर बोलते, तेव्हा दरवर्षी जे प्रश्न हमखास येतात ते इथे एकत्र केले आहेत. काहींची उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींची लांबतात.

मग १९२० हे उत्तर चूक आहे का?

कागदावर बरोबर आहे. टेनेसी राज्यानं १८ ऑगस्ट १९२० रोजी मंजुरी दिली आणि अमेरिकेच्या राज्यघटनेची एकोणिसावी दुरुस्ती पक्की झाली. २६ ऑगस्टला ती अधिकृतपणे जाहीर झाली. आता ती दुरुस्ती नीट वाचा. ‘सर्व स्त्रियांना मत असेल’ असं त्यात कुठेही नाही. नागरिकाचा मतदानाचा हक्क लिंगाच्या कारणावरून नाकारता येणार नाही, एवढंच ती म्हणते. म्हणजे अडवणुकीची एक सबब गेली. बाकीच्या सबबी राज्यांच्या हातात राहिल्या आणि दक्षिणेतल्या राज्यांनी त्या मनसोक्त वापरल्या.

उलट पश्चिमेकडच्या वायोमिंगमध्ये बायकांना १८६९ पासूनच मत होतं. वायोमिंग तेव्हा पूर्ण राज्यही नव्हतं. कोलोरॅडोनं १८९३ मध्ये दिलं. म्हणजे वायोमिंगमधली एखादी बाई १९२० च्या आधी पन्नास वर्षं मत देत असू शकते आणि मिसिसिपीतली काळी बाई त्यानंतर पंचेचाळीस वर्षं वाट बघत असू शकते. दोघी एकाच देशाच्या नागरिक.

चळवळ सेनेका फॉल्सला सुरू झाली ना?

पाठ्यपुस्तकात तिथूनच होते. न्यूयॉर्क राज्यातलं हे छोटं गाव. १९ आणि २० जुलै १८४८ ला तिथल्या चॅपलमध्ये स्त्रियांच्या हक्कांसाठी परिषद भरली. सकाळी मंडळी जमली तर दाराला कुलूप. शेवटी एलिझाबेथ कॅडी स्टँटन यांच्या भाच्याला उचलून खिडकीतून आत सोडलं आणि त्यानं आतून दार उघडलं. सुमारे तीनशे लोक आले, शंभर जणांनी जाहीरनाम्यावर सह्या केल्या: ६८ बायका, ३२ पुरुष. सगळ्या ठरावांत मताधिकाराचाच ठराव पडतोय की काय अशी वेळ आली होती. त्याच्या बाजूनं जोरात उभे राहिले फ्रेडरिक डग्लस, गुलामगिरीतून पळून सुटलेले संपादक आणि वक्ते. त्या सभेतली ते एकमेव काळी व्यक्ती. एकही काळी बाई तिथे असल्याची नोंद नाही.

पण त्याच्या सोळा वर्षं आधी, १८३२ मध्ये, मारिया स्ट्यूअर्ट ही काळी विधवा बॉस्टनमध्ये स्त्रीपुरुषांच्या एकत्र सभेपुढे भाषण करत होती. बाईनं व्यासपीठावर चढणं हेच तेव्हा निर्लज्जपणात जमा होई. साउथ कॅरोलायनातल्या गुलाममालकाच्या घरातल्या ग्रिमके भगिनी गुलामगिरीविरुद्ध बोलायला घराबाहेर पडल्या आणि ‘बाई असून बोलता कशा?’ हा प्रश्न अंगावर आल्यावर स्त्रीहक्कांकडे वळल्या. १८४० मध्ये लंडनला गुलामगिरीविरोधी जागतिक परिषद भरली, तेव्हा अमेरिकेहून गेलेल्या स्त्री प्रतिनिधींना सभासद म्हणून बसूच दिलं नाही. पुढे सेनेका फॉल्सची परिषद भरवणाऱ्या ल्युक्रिशिया मॉट आणि स्टँटन यांची ओळख तिथेच झाली. थोडक्यात, स्त्रीहक्कांची चळवळ गुलामगिरीविरोधी चळवळीच्या माजघरातून बाहेर आली. पुढे तिला त्या घराचा विसर पडला, ही वेगळी गोष्ट.

‘मी बाई नाही का?’ असं सोजर्नर ट्रूथ खरंच म्हणाल्या होत्या?

बहुधा नाही, आणि हे सांगितलं की दरवर्षी दोघीतिघींचे चेहरे पडतात.

गुलामगिरीत जन्मलेल्या काळ्या वक्त्या ट्रूथ यांनी १८५१ मध्ये ओहायोतल्या ॲक्रनच्या परिषदेत भाषण केलं, हे नक्की. त्यांच्या ओळखीच्या एका संपादकानं ते पुढच्याच महिन्यात छापलं. त्यात हे पालुपद नाही. ते आलं तब्बल बारा वर्षांनी, १८६३ मध्ये, फ्रान्सिस गेज या गोऱ्या कार्यकर्तीनं लिहिलेल्या आठवणीत. गेजबाईंनी ट्रूथ यांच्या तोंडी दक्षिणेतल्या गुलामांची ठसकेबाज बोली घातली. ट्रूथ होत्या न्यूयॉर्क राज्यातल्या, आणि त्यांची पहिली भाषा होती डच! घरातल्या मालकांची तीच भाषा, म्हणून इंग्रजी त्या नंतर शिकल्या. गेजबाईंनी त्यांना तेरा मुलंही दिली. प्रत्यक्षात पाच होती.

१८५१ च्या मजकुरात काय आहे? मी नांगरलंय, कापणी केलीय, लाकडं फोडलीत, पुरुषाइतकं खाऊ शकते, मिळालं तर. आणि बाईच्या वाट्याला एक शेरच बुद्धी असेल तर तिला तिचा शेर तरी भरू द्या. (शेर हा शब्द माझा. मापटं म्हटलंत तरी चालेल.) मला तरी हे भाषण जास्त आवडतं. त्यात विनवणी नाही, हिशोब आहे.

गोऱ्या आणि काळ्या कार्यकर्त्यांचं भांडण कशावरून झालं?

यादवी युद्ध संपल्यावर. गुलामगिरी गेली, पण मुक्त झालेल्यांना मत द्यायचं का, हा प्रश्न होता. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीत ‘पुरुष’ हा शब्द पहिल्यांदाच राज्यघटनेत घुसला. पंधरावी दुरुस्ती (१८७०) वंश, रंग आणि पूर्वीची गुलामी या कारणांवरून मत नाकारायला बंदी घालते. लिंगाचं नाव घेत नाही. स्टँटन आणि त्यांच्या सहकारी सुझन अँथनी खवळल्या. दोघींनी पंधराव्या दुरुस्तीला विरोध केला. शिकलेल्या गोऱ्या बाईच्या आधी अडाणी काळ्या आणि परदेशातून आलेल्या पुरुषांना मत, हे स्टँटनबाईंना सहन होईना. त्यांनी वापरलेले शब्द आज वाचताना मान खाली जाते.

मे १८६९ मध्ये न्यूयॉर्कच्या सभेत डग्लस म्हणाले, बायकांना बाई म्हणून घरातून ओढून काढून दिव्याच्या खांबाला लटकवलं जाईल, तेव्हा त्यांनाही मताची तेवढीच निकड असेल. श्रोत्यांतून कुणीतरी विचारलं, हे काळ्या बाईलाही लागू नाही का? डग्लस म्हणाले, हो, हो, हो, लागू आहे. पण ती बाई आहे म्हणून नाही, काळी आहे म्हणून.

लोक मला विचारतात, तुम्ही कुणाच्या बाजूच्या? मी फ्रान्सिस हार्परच्या बाजूची. त्या काळ्या कवयित्री आणि वक्त्या. १८६६ मध्येच त्यांनी गोऱ्या बायकांच्या भरल्या सभेत सुनावलं होतं की तुम्ही हक्कांबद्दल बोलता, मी अन्यायांबद्दल बोलते. ट्राममधून मला ढकलतात तेव्हा तुम्ही कुठे असता? १८६९ मध्ये त्यांनी पंधराव्या दुरुस्तीला पाठिंबा दिला आणि बायकांच्या मताची मागणीही सोडली नाही. चळवळ मात्र फुटली. दोन संघटना झाल्या आणि त्या एक व्हायला १८९० उजाडलं.

म्हणजे सुझन अँथनी वर्णद्वेष्ट्या होत्या?

याला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून मोकळं होता येत नाही. १८७२ मध्ये रॉचेस्टरला मत टाकलं म्हणून त्यांना अटक झाली, शंभर डॉलर दंड झाला आणि तो त्यांनी कधीच भरला नाही. ही बाई धैर्याची होती.

काळ्या पत्रकार आयडा वेल्स यांनी लिहून ठेवलेला एक प्रसंग सांगते. वेल्स अँथनींच्या घरी पाहुण्या होत्या. अँथनींनी आपल्या स्टेनोग्राफरला सांगितलं, वेल्सची पत्रं उतरवून घे. काळ्या बाईकडून डिक्टेशन घ्यायला ती तयार होईना. अँथनींनी तिला कामावरून काढून टाकलं. आणि याच अँथनींनी वेल्सना हेही सांगितलं की १८९५ ची परिषद दक्षिणेत, अटलांटाला होती, म्हणून मी डग्लसना येऊ नका असं कळवलं. दक्षिणेतल्या गोऱ्या बायका बिथरल्या असत्या. माझं चुकलं का, असं त्यांनी विचारलं. वेल्सनी तोंडावर सांगितलं: हो, चुकलं. घरातली वागणूक आणि संघटनेचं धोरण यांच्यात एवढं अंतर पडू शकतं.

आयडा बी. वेल्स कोण?

खरं तर प्रश्नाचा क्रम उलटा हवा. आधी वेल्स, मग बाकीच्या.

जन्म १८६२, मिसिसिपी. गुलाम आईबापांच्या पोटी. १८८४ मध्ये टेनेसीत रेल्वेच्या बायकांच्या डब्यातून कंडक्टर त्यांना उठवायला लागला, तेव्हा त्यांनी त्याच्या हाताला कडाडून चावा घेतला. त्यांना उतरवायला आणखी माणसं लागली. त्यांनी कंपनीवर खटला भरला, पाचशे डॉलर भरपाई मिळवली आणि १८८७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात तो निकाल फिरला.

१८९२ मध्ये मेम्फिसला त्यांचे मित्र टॉमस मॉस आणि आणखी दोघे जमावानं तुरुंगातून काढून मारले. आपल्या वर्तमानपत्रांतला ‘झुंडबळी’ हा शब्द इथे चपखल बसतो. गुन्हा? तिघं मिळून किराणा दुकान चालवत होते आणि जवळच्या गोऱ्या दुकानदाराचं गिऱ्हाईक तुटत होतं. ‘काळे पुरुष गोऱ्या बायकांवर अत्याचार करतात म्हणून लोक चिडतात’ ही तेव्हाची ठरलेली सबब. वेल्स गावोगाव गेल्या, एकेका बळीची माहिती काढली, बरीचशी गोऱ्यांच्याच वर्तमानपत्रांतून, आणि छापलं की बहुतेक प्रकरणांत तसा आरोपसुद्धा नव्हता. त्यांच्या वर्तमानपत्राचं कार्यालय जमावानं फोडलं. त्या तेव्हा बाहेरगावी होत्या, परतल्या नाहीत. पुढे शिकागोला स्थायिक झाल्या.

आता ३ मार्च १९१३. वॉशिंग्टनमध्ये स्त्रीमताधिकाराचा प्रचंड मोर्चा, दुसऱ्या दिवशी नवे राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचा शपथविधी. वेल्स इलिनॉयच्या तुकडीबरोबर आलेल्या. मोर्चाच्या तयारीतच निरोप आला की काळ्या बायकांनी शेवटी वेगळं चालावं, दक्षिणेकडच्या मंडळींचा आक्षेप आहे. वेल्स म्हणाल्या, इलिनॉयबरोबर नाही तर चालणारच नाही, आणि दिसेनाशा झाल्या. सगळ्यांना वाटलं, गेल्या रागावून. मोर्चा पेन्सिल्व्हेनिया ॲव्हेन्यूवर आला. दुतर्फा गर्दी, शिव्या, धक्काबुक्की. इलिनॉयची रांग जवळ येताच बघ्यांच्या गर्दीतून एक ठेंगणी बाई फुटपाथ सोडून रस्त्यावर आली आणि दोन गोऱ्या मैत्रिणींच्या मध्ये चालायला लागली. शिकागोच्या वर्तमानपत्रानं तो फोटो छापला. परवानगी त्यांनी मागितलीच नव्हती.

पंडिता रमाबाईंचा या सगळ्याशी काही संबंध आला का?

आला, आणि तो जरा अडचणीचा आहे. रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियाला गेल्या आणि १८८८ पर्यंत अमेरिकेत हिंडल्या. बॉस्टनला त्यांच्या नावानं मंडळ निघालं, त्याच्या पैशांतून १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उभं राहिलं. त्याच वर्षी त्यांचं ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक आलं. तिथल्या स्त्रियांच्या संघटनांचं त्यात भरभरून कौतुक आहे. काळ्या लोकांना मिळणारी वागणूकही रमाबाईंच्या नजरेतून सुटलेली नाही.

त्या संघटनांत सगळ्यांत बलाढ्य होती दारूबंदीवाल्या बायकांची, फ्रान्सिस विलर्ड यांची. विलर्डशी रमाबाईंचा स्नेह होता. शारदा सदन उभं राहिलं त्याच्या पुढच्याच वर्षी, १८९० मध्ये, याच विलर्डनी एका मुलाखतीत काळ्या लोकांच्या वाढीची तुलना टोळधाडीशी केली आणि गुत्ता हे त्यांचं सत्ताकेंद्र ठरवलं. वेल्सनी ती मुलाखत १८९४ मध्ये इंग्लंडात पुन्हा छापून आणली. विलर्डबाई तेव्हा तिथेच पाहुणचार घेत होत्या. मोठा गहजब झाला. रमाबाईंना मदतीचा हात देणारी बाई आणि वेल्सना अडचणीत आणणारी बाई एकच, हे आपल्याकडच्या चरित्रांत फारसं सापडत नाही.

आणि फुल्यांचा?

‘गुलामगिरी’ (१८७३) उघडा. अर्पणपत्रिकेत जोतीरावांनी अमेरिकेतल्या काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांचा गौरव केला आहे आणि माझ्या देशबांधवांनी शूद्रांच्या सुटकेसाठी त्यांचा कित्ता गिरवावा अशी आशा धरली आहे. तिकडे पंधरावी दुरुस्ती होऊन तीनच वर्षं झाली होती.

टेनेसीत एका आईच्या पत्रानं निकाल लागला, हे खरं का?

बऱ्याच अंशी. ४८ पैकी ३६ राज्यांची मंजुरी लागणार होती, टेनेसी छत्तिसावं. आमदारांच्या कोटावर फुलं असत: पिवळा गुलाब बाजूनं, लाल विरोधात. चोवीस वर्षांच्या हॅरी बर्न यांच्या कोटावर लाल होता. विषय बाजूला सारण्याच्या ठरावाला त्यांनी मतही दिलं, पण मतं समसमान पडली. मग मूळ प्रश्नावर हाक आली आणि ते ‘हो’ म्हणाले. त्यांच्या खिशात आईचं पत्र होतं: शहाण्यासारखा वाग, मत दे. ही गोष्ट सगळ्यांना आवडते, मलाही. फक्त तिच्या आधी व्हाइट हाउससमोर महिनोन्‌महिने फलक घेऊन उभ्या राहिलेल्या आणि नोव्हेंबर १९१७ मध्ये ऑकोक्वानच्या तुरुंगात मार खाल्लेल्या बायकाही सांगायच्या असतात.

१९२० नंतर काळ्या बायकांना नेमकं कशानं अडवलं?

पोल टॅक्स (मत द्यायचं तर भरायचा कर), ‘साक्षरता’ चाचणी, नोकरीवरून काढण्याची धमकी आणि उघड मारझोड. पोल टॅक्सचं एकच उदाहरण पुरे. अलाबामात तो वर्षाला दीड डॉलर होता, आणि तो साठत जाई. रोझा पार्क्स यांची मतदार म्हणून नोंद १९४५ मध्ये झाली, तेव्हा त्यांना एकदम साडेसोळा डॉलर भरावे लागले. शिवणकाम करणाऱ्या बाईला ही रक्कम छोटी नव्हती.

काळ्याच नव्हे, इतरही बाहेर होत्या. मूळ अमेरिकी लोकांना सरसकट नागरिकत्व मिळालं १९२४ मध्ये, आणि ॲरिझोना, न्यू मेक्सिकोत मतासाठी १९४८ उजाडलं. मेबल ली ही सोळा वर्षांची चिनी मुलगी १९१२ च्या न्यूयॉर्कच्या मोर्चात घोड्यावर बसून पुढे होती. चीनमधून आलेल्या लोकांना १९४३ पर्यंत नागरिक होताच येत नव्हतं. आपलंही तेच. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं हिंदुस्थानी माणूस ‘गोरा’ नाही म्हणून नागरिकत्वाला अपात्र ठरवला. ती वाट १९४६ मध्ये उघडली. आज न्यू जर्सीत मत देणाऱ्या मराठी बायकांनी १९२० ला आपलं साल म्हणण्याआधी हे आठवावं.

साक्षरता चाचणीत विचारायचे काय?

फॅनी लू हॅमर यांचं ऐका. वीस भावंडांत धाकट्या, मिसिसिपीत कापूस वेचणाऱ्या. ३१ ऑगस्ट १९६२ ला त्या आणखी सतरा जणांबरोबर बसनं इंडियानोलाला नाव नोंदवायला गेल्या. कारकुनानं राज्याच्या घटनेतलं एक कलम पुढे टाकलं, ‘डी फॅक्टो’ कायद्यांबद्दलचं: उतरव आणि अर्थ लिही. हॅमर पुढे म्हणत, घोड्याला नाताळातलं जेवढं कळतं तेवढंच मला त्यातलं कळत होतं. अर्थात नापास. परतताना पोलिसांनी बस अडवली आणि ड्रायव्हरला दंड केला. कारण? बसचा पिवळा रंग जास्तच पिवळा होता, शाळेच्या बससारखा.

घरी पोचल्या तर शेतमालक वाट बघत होता. अठरा वर्षं त्या तिथे राबल्या होत्या. अर्ज मागे घे, नाहीतर चालती हो. हॅमर म्हणाल्या, मी तुमच्यासाठी नाव नोंदवायला गेले नव्हते, माझ्यासाठी गेले होते. त्याच रात्री त्यांनी घर सोडलं. पुढच्या जूनमध्ये विनोनाच्या तुरुंगात त्यांना इतकं मारलं की मूत्रपिंड कायमचं दुखावलं. २२ ऑगस्ट १९६४ ला डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात त्या हे टीव्हीसमोर सांगत होत्या, तेव्हा राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी घाईघाईनं पत्रकार परिषद बोलावून कॅमेरे तिकडे वळवले. वाहिन्यांनी संध्याकाळी हॅमरचं बोलणं पुन्हा दाखवलं. जास्त लोकांनी पाहिलं.

अशा चाचणीची तयारी कुणी करून घेत असे का?

हो, आणि हा माझा सगळ्यांत आवडता प्रश्न. १९५७ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या जॉन्स बेटावर एका सहकारी दुकानाच्या मागच्या खोलीत वर्ग सुरू झाला. पुढे किराणा, म्हणजे गोऱ्यांना शंका नको. कल्पना सेप्टिमा क्लार्क यांची. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचं सभासदत्व सोडत नाही म्हणून त्यांची शिक्षिकेची सरकारी नोकरी गेली होती. शिकवायला मुद्दाम शिक्षिका घेतली नाही. घेतलं बर्निस रॉबिन्सन यांना, ज्या केस करून देण्याचा धंदा करत. त्यांचं गिऱ्हाईक सगळं काळं, त्यामुळे कुणी गोरा त्यांना कामावरून काढू शकत नव्हता. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं की मी मास्तरीण नाही, आपण मिळून शिकू. तुम्हाला काय यायला हवंय? उत्तरं आली: स्वतःचं नाव लिहिणं, मनिऑर्डर भरणं, दुकानाच्या कॅटलॉगमधून वस्तू मागवणं. मग घटनेतलं कलम. हे वर्ग नंतर सगळ्या दक्षिणेत पसरले.

रोझा पार्क्स दिवसभराच्या कामानं थकल्या होत्या म्हणून बसमध्ये गोऱ्या माणसासाठी जागेवरून उठल्या नाहीत ना?

नाही. बारा वर्षं चळवळीत असलेल्या कार्यकर्त्या होत्या त्या. आणि १ डिसेंबर १९५५ च्या त्या रात्री मॉन्टगोमरीत झोपली नाही ती जो ॲन रॉबिन्सन, कॉलेजातली इंग्रजीची प्राध्यापिका. कॉलेजच्याच सायक्लोस्टाइल यंत्रावर एक सहकारी आणि दोन विद्यार्थी घेऊन तिनं रातोरात बसवर बहिष्कार घालण्याची हजारो पत्रकं काढली. बसवरचा बहिष्कार ३८१ दिवस चालला. गावातल्या पुढाऱ्यांची सभा भरली तोवर पत्रकं घराघरांत पोचली होती.

शेवटी दार उघडलं कधी?

६ ऑगस्ट १९६५, मतदान हक्क कायदा. चाचण्या बंद झाल्या आणि नोंदणीवर केंद्राची नजर आली. मिसिसिपीत मतदान यादीत नाव असलेले काळे लोक तोवर शंभरात सात होते. दोन वर्षांत साठाच्या आसपास गेले. २०१३ मध्ये शेल्बी काउंटी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं या कायद्याचा कणा मोडला: कोणत्या राज्यांनी नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घ्यायची हे ठरवणारं कलमच रद्द झालं.

आणि मिसिसिपीनं एकोणिसाव्या दुरुस्तीला मंजुरी कधी दिली?

मार्च १९८४ मध्ये. हॅमर जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती.